फुलर चाळीचा लॉर्ड

सुधाकर,

तू गेल्याला आज चोवीस दिवस झाले आणि तुझा लॉर्ड माझ्या घरी येऊन बसला आहे. परवा नलिनीवहिनी त्याला जुन्या चादरीत गुंडाळून टॅक्सीनं प्रभादेवीला घेऊन आल्या. म्हणाल्या, "भावजी, हा तुमच्याकडे राहू दे. भाड्याच्या घरात मालक खिळा मारू देत नाही." चादर सोडली तर तोच. पांढरे कल्ले, ओठांवर आडव्या मिशा, गळ्याशी घट्ट कॉलर, आणि काचेवर कपाळाच्या जागी गेल्या सव्वीस जानेवारीच्या पूजेचं कुंकू. मी तीस वर्षं ह्या माणसाकडे बघायचं टाळलं. आता तो माझ्या पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभा आहे आणि जेवताना माझ्या ताटात बघतो.

हा माणूस फुलर नाही हे तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. डिलाईल रोडच्या आपल्या गल्लीत फुलर चाळ कोणी बांधली, तो मालक होता, गिरणीचा मॅनेजर होता की नुसता कंत्राटदार, ह्याचा एकही कागद कुणाकडे नाही. दारावरच्या दगडात इंग्रजीत आडनाव कोरलेलं होतं, तेवढंच. बाकीच्यांना तेवढं पुरलं. पत्रं येत होती, रेशनकार्डावर पत्ता बरोबर पडत होता. तुला मात्र त्या आडनावाला चेहरा हवा होता. म्हणून तू मला एका शुक्रवारी चोर बाजारात घेऊन गेलास. दुकानदारानं विचारलं, "किसका चाहिए?" तू म्हणालास, "अंग्रेज का. थोडा रुबाबवाला." त्यानं तीन काढून दाखवले. तू मिशांवरून निवडलास. फ्रेमच्या पाठीमागे मद्रासच्या कुठल्याशा स्टुडिओची चिठ्ठी होती, ती घरी आल्यावर तू ब्लेडनं खरवडलीस. मी समोर बसून चहा पीत होतो. तू मान वर न करता म्हणालास, "बघू नको."

त्या वर्षी चाळीच्या सत्यनारायणाला चौरंगाशेजारी खुर्ची ठेवून त्यावर फोटो मांडला गेला. हार घातला. तुझी आई तेव्हा होती. तिनं प्रसादाची वाटी त्याच्यापुढे ठेवताना विचारलं, "ह्यो गोरो शिरो खातलो काय रे?" तू म्हणालास, "आये, मान देऊक होयो." आणि तिनं दिला. पुढच्या वर्षी कुणी विचारलंच नाही. तिसऱ्या वर्षी नवी सुनबाई पूजेला आली, तिनं आधी फोटोला नमस्कार केला आणि मग सत्यनारायणाला. परंपरा कशा सुरू होतात ह्यावर मी ग्रंथपाल म्हणून बरंच वाचलेलं होतं. एक सुरू होताना शिरा खात बघितली ती तुझ्यामुळे.

मग इंटरनेट आलं आणि तुझ्यावर काही ताबाच राहिला नाही. आडनाव टाकलं की घराण्याचं राजचिन्ह काढून देणारी एक वेबसाईट तुला सापडली. फुलर टाकलं, तर एक सिंह आला, तीन आडवे पट्टे, वर शिरस्त्राण, खाली लॅटिनमध्ये काहीतरी. ते चिन्ह मगवर आलं. मग टी-शर्टावर. मग पूजेच्या निमंत्रणपत्रिकेवर, गणपती आणि सत्यनारायणाच्या मधोमध. मी तुला कितीदा सांगितलं, अरे, ही दुकानं आहेत, चिन्हं माणसाला मिळतात, आडनावाला नाही. जगातल्या सगळ्या फुलरांना एकच सिंह कसा असेल? तू म्हणायचास, "तुला सिंहाचं वाईट वाटतं." एकदा गंमत म्हणून तू माझं आडनाव त्या वेबसाईटवर टाकलंस. रेकॉर्ड सापडलं नाही, असं आलं. तू फोन खिशात टाकलास आणि विषय बदललास. तुला वाटलं, मी बघितलं नाही.

हे सगळं चाललं असतं. चाळ पाडायची ठरली आणि नावाचा प्रश्न आला, तिथे आपलं बिनसलं.

बिल्डरचा विक्रीचा मनोरा रस्त्याच्या बाजूला, त्याचं नाव कुठल्याशा इटालियन गावावरून. आपण मागच्या बाजूला. आपल्याला त्यानं नाव दिलं होतं 'बी विंग'. तू त्यावर असा पेटलास की मला खरोखर कौतुक वाटलं. "शंभर वर्षं आपण फुलरवाले, आता बी?" अर्ज केलेस, सह्या घेतल्यास, जुन्या बायकांना जिने चढून जाऊन भेटलास. इथवर मी तुझ्याबरोबर होतो; प्रभादेवीला राहायला गेलो तरी बाबांची खोली माझ्या नावावर होतीच. नाव टिकावं असं मलाही वाटत होतं. पण व्यायामशाळेतल्या पहिल्या सभेत तू उभा राहिलास आणि त्या मुगदलांपुढे हात पसरून बोलायला लागलास की फुलर हे इंग्लंडमधलं उमराव घराणं, त्यांच्यात लॉर्ड झाले, आणि आपण त्या लॉर्डच्या वास्तूतले लोक आहोत. "आपल्याला बी म्हणणार हे?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी प्रसादनं, आपल्या खालच्या मजल्यावरचा, आता चाळिशीचा झाला आहे, मला सहज विचारलं, "काका, तुम्ही वाचलेलं असेल ना ह्यावर?"

मी वाचलेलं होतं. दुर्दैव एवढंच.

मी सांगितलं की इंग्रजांची आडनावं सात-आठशे वर्षांपूर्वी हळूहळू पक्की झाली. कुणाला गावावरून मिळालं, कुणाला बापावरून, पुष्कळांना कामावरून. फुलर हे कामाचं. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड तेलकट आणि सैल असतं. ते टाकीत घालून पायानं तुडवायचं, म्हणजे ते दाट बसतं. हे तुडवणारा तो फुलर. पाण्यात काय घालायचे, तर गल्लोगल्ली मडकी ठेवून गोळा केलेलं शिळं मूत. त्यानं तेल सुटतं. आणि एक माती घालायचे, ती आपल्याकडे बायका तोंडाला लावतात, मुलतानी माती. इंग्रजीत तिला फुलरची मातीच म्हणतात. दक्षिणेकडे त्याला फुलर म्हणाले, नैऋत्येला टकर, उत्तरेला वॉकर. आडनावं तीन, टाकी एकच. पुढे पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे आले आणि पायांचं काम गेलं. आडनाव तेवढं उरलं. मी म्हणालो, "तेव्हा आपला फुलर कोण होता ते माहीत नाही, पण त्याचा खापरपणजा गुडघाभर मुतात उभा होता, हे नक्की."

सभा हसली. खूप हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "लॉर्ड मूतवाला!" आणि परत हसली. मला बरं वाटलं. हे मी इथे कबूल करतो. वर्षानुवर्षं तुझे सिंह बघून कंटाळलो होतो आणि एकदा तरी टाळी मला मिळाली.

मग मी तुझ्याकडे बघितलं.

तू रागावलेला नव्हतास. राग मला ओळखता येतो, शाळेपासून. तू पायांकडे बघत होतास.

आणि मी जे लिहितो आहे ते वहिनींना विचारून लिहितो आहे, त्या म्हणाल्या, लिहा.

तुझे वडील, आमचे तात्या, सांचे खात्यात होते असं तू सगळ्यांना सांगायचास. मागावर. पुढे पुढे तू त्यांना जॉबरही केलंस, खात्याचा मुकादम. गिरणगावात सांचे खातं म्हणजे मान, आणि माझ्या बाबांना तिथे प्रवेश नव्हता. धोटा भरताना धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे आणि आमच्या तोंडचा धागा दुसऱ्याच्या तोंडाला लागलेला चालत नसे. म्हणून बाबा ब्लीचिंग खात्यात. तिथे दोन पुरुष उंचीच्या लोखंडी टाक्या होत्या. वरून ओल्या कापडाचा जाड दोर आत पडायचा आणि आत उतरलेली माणसं तो पायांनी तुडवून थरावर थर बसवायची. माणसं वर आली की झाकण लावून, कॉस्टिक सोडून तो घाणा उकळायचा. बाबांच्या टाचांना भेगा नव्हत्या, त्या दऱ्या होत्या. मी दहा-बारा वर्षांचा असेन, त्यांच्या टाचा बघत विचारलं, "तिथे आणखी कोण असतं?" ते म्हणाले, "सुध्याचा बाप असतो की. माझ्या शेजारी पाय देतो. जॉबरशी वाकडं आलं, इकडे टाकला. पण तू बोलू नको कुणाला. त्याच्या घरी आवडत नाही."

मी बोललो नाही. तात्या चाळीच्या गॅलरीत बसताना पायांवर पंचा घेत, ऐन मे महिन्यातही, तो कशासाठी ते मला ठाऊक होतं. तुझ्या तोंडून सांचे खातं ऐकताना मी मान हलवायचो. पन्नास-साठ वर्षं हलवली. आणि त्या रविवारी भर सभेत, पायानं कापड तुडवणाऱ्या माणसावर मी विनोद केला. अनवधानानं केला असं म्हणायची सोय होती, पण तसं नाही. वाक्य तोंडात आलं तेव्हा तात्या मला दिसले होते. तरी बोललो. टाळी जवळ आली होती.

तेव्हापासून पाच महिने तू माझ्याशी बोलला नाहीस. फोन उचलला नाहीस. मी दोनदा तुझ्या भाड्याच्या घरी आलो, तू आत झोपलेला होतास, सकाळी अकरा वाजता. आणि ह्या पाच महिन्यांत रोज सकाळी सहा वाजता माझ्या फोनवर तुझं गुड मॉर्निंग येत होतं. सूर्योदय, कमळ, सुविचार, आणि कोपऱ्यात तो सिंह. अरे, भांडायचं तर नीट भांड. मी बायकोला म्हणायचो, ह्याला बोलायचं नाही आणि गप्पही बसायचं नाही. ती म्हणायची, मग तुम्ही उत्तर द्या. मी कमळाला काय उत्तर देणार? शेवटचं आलं ते तू गेलास त्या सकाळचं. गुलाबी सूर्य, 'जीवन सुंदर आहे', सिंह.

मला तुला एक विचारायचं होतं आणि मी ते कधीच विचारलं नाही. तुला लाज कशाची वाटायची? तात्यांच्या पायांची, की त्या टाकीत शेजारी कोण उभं होतं त्याची? आपण एका बाकावर बसलो, एका ताटात जेवलो, तुझ्या लग्नात मी करवल्यांच्या गाडीत होतो. तरी विचारलं नाही. उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती.

तुझ्या तेराव्यानंतर वहिनींनी मला तुझी फाईल दिली. वर लेबल, 'फुलर – संपूर्ण'. त्यात मी अपेक्षिलेलं सगळं होतं: सिंह, किल्ले, कुठल्या तरी लेडी फुलरचा टोपीतला फोटो, अर्जांच्या प्रती. सर्वांत खाली एका इंग्रजी आडनावकोशाच्या पानाची झेरॉक्स होती. म्हणजे तू दादरला माझ्या जुन्या लायब्ररीत जाऊन, त्या सभेनंतर, माझ्याच विभागातलं पुस्तक काढून ते पान शोधलंस. फुलरच्या नोंदीखाली लाल रेघ. समासात तुझं ते बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर: 'अशोक बरोबर आहे. त्याला कळवू नये.'

मी ते वाचून इतका वैतागलो की फाईल मिटून पाणी प्यायलो. मग परत उघडली.

आणि त्या समासाकडे बघताना मला पाचवीचा वर्ग आठवला. मी विसरलो नव्हतो, पण त्याला ह्या सगळ्याशी कधी जोडलं नव्हतं. शाळा बदलताना बाबांनी माझं आडनाव बदललं होतं, गावाच्या नावाला कर लावून. नव्या मास्तरांनी हजेरी घेताना माझ्यापाशी पेन थांबवलं. "हे गावाचं झालं. मूळ काय?"

इंग्लंडात फुलरला कोणी विचारत नाही की तुझा पणजोबा कशात उभा होता. नावावरची चिठ्ठी तिथे कोणी वाचत नाही. आपल्याकडे मास्तर पेन धरून थांबतो. मी बाकाच्या फळीकडे बघत उभा राहिलो. मूळ काय ते तुला ठाऊक होतं, आपण एकाच जिन्यावर वाढलो होतो. तू उभा राहिलास. चड्डीला एकच बटण. म्हणालास, "सर, मूळचं हेच. ह्याचे आजोबा गावचे इनामदार होते."

मास्तर तुझ्याकडे बघत राहिले. तू त्यांच्याकडे बघत राहिलास. अरे सुधाकर, माझा आजोबा. ज्याला गावात पायात वहाण घालता येत नव्हती. तू त्याला घोडासुद्धा दिलास, मास्तरांनी आणखी काही विचारू नये म्हणून म्हणालास, "पांढरा घोडा होता, सर." मास्तरांनी मुकाट्यानं आडनाव लिहिलं आणि पुढच्या नंबरावर गेले. त्या शाळेत परत मला कोणी मूळ विचारलं नाही. मधल्या सुट्टीत मी तुला म्हणालो, खोटं कशाला बोललास? तू म्हणालास, "मग काय खरं सांगू त्याला? खा, वडा खा."

सगळ्या आयुष्यात तुझ्या ज्या लॉर्डांची मी टर उडवली, त्यांतला पहिला तू माझ्यासाठी बनवला होतास.

गेल्या रविवारी नावाच्या मतदानाची सभा झाली. तीच व्यायामशाळा, तेच मुगदल. तू बसायचास त्या खुर्चीवर कुणी बसलं नाही, म्हणजे प्रसादनं तिथे माईकची पेटी ठेवली. एक तरुण सभासद म्हणाला, बी विंग काय वाईट आहे, ओला-उबरवाल्याला सांगायला सोपं. दुसरा म्हणाला, फुलर म्हणजे तोच ना, मूतवाला? हसले. माझाच विनोद, पाच-सहा महिन्यांनी, माझ्याकडे परत आला. प्रसाद म्हणाला, "अशोककाका, फायनल काय ते सांगा. सुधाकरकाका म्हणायचे लॉर्ड होता. तुम्ही वेगळंच बोललात. लोक कन्फ्यूज आहेत. लॉर्ड असेल तर नाव ठेवू, नाहीतर जाऊ दे."

म्हणजे नाव राहणार की जाणार ते माझ्या एका वाक्यावर आलं होतं.

मी उभा राहिलो. मी तयारी करून गेलो होतो, सुधाकर. आयुष्यभर पुस्तकं नीट लावली, चुकीची तळटीप दिसली तर झोप लागत नसे, आणि मी घरून वाक्यं पाठ करून निघालो होतो. म्हणालो, "मागच्या सभेत माझी चूक झाली. सुधाकरचं बरोबर होतं. मी आणखी वाचलं. ह्या घराण्यात एक लॉर्ड…"

"भावजी, बसा," बायकांच्या बाकावरून वहिनी म्हणाल्या.

मी बसलो नाही, पण थांबलो.

"लॉर्डबिर्ड कोण नव्हता," वहिनी उभ्या न राहता, पिशवी मांडीवर धरून सांगत होत्या. "कापड तुडवणारा होता. ह्यांनी स्वतः पुस्तकात बघून मला सांगितलं होतं. आमचे तात्या तेच करायचे, ब्लीचिंगला. मागावरबिगावर नव्हते ते. भावजींचे बाबा नि ते एकाच टाकीत. लग्न होऊन आले तेव्हापासून तात्यांच्या टाचांना कोकमाचं तेल मी लावलंय. मला विचारा काय ते."

कुणी हसलं नाही. ज्यानं मूतवाला म्हटलं होतं तो फोनमध्ये बघू लागला. प्रसादनं माईक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "मग काकी, नाव ठेवायचं की नाही?"

"ठेवायचं म्हणून तर सांगत्ये."

आधी म्हाताऱ्या बायकांचे हात वर गेले. मग बाकीचे. नाव राहिलं. बिल्डरच्या माणसानं लगेच माझ्याकडे येऊन विचारलं, "सर, हेरिटेज नेम आहे तर ब्रोशरसाठी दोन लाईन द्याल?" मी सांगितलं, "फुलर म्हणजे पायानं कापड तुडवणारा. ह्या चाळीत असे दोघे होते." तो म्हणाला, "मार्केटिंगला विचारतो."

बाहेर पडताना वहिनींना म्हणालो, मी नाव वाचवायला बोलत होतो. त्या म्हणाल्या, "माहीत आहे. पण तुम्हाला खोटं बोलता येत नाही, भावजी. कान लाल होतात. हे पण म्हणायचे."

तेव्हा हे असं झालं आहे. मी आयुष्यात एकदा तुझ्यासाठी खोटं बोलायला उभा राहिलो आणि तुझ्याच बायकोनं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. तू पाचवीत, एका बटणावर, मास्तरांपुढे जे केलंस ते मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी पाठ करूनही जमलं नाही. तात्यांच्या पायांवरचा पंचा निघाला, तोही तुझ्या माघारी. तुला ते आवडलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. तू असतास तर पुढचे पाच महिने नुसती कमळं पाठवली असतीस.

आज सकाळी भिंतीला खिळा मारला. कुंकू पुसलं नाही. माझी नात शाळेत जाताना विचारून गेली, "आजोबा, हे कोण?" मी तिला काय सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही. संध्याकाळी ती परत विचारणार.

माझे आजोबा त्या शाळेच्या कुठल्याशा जुन्या रजिस्टरात अजूनही इनामदार असतील, पांढऱ्या घोड्यासकट. तुझा लॉर्ड तेवढा मला टिकवता आला नाही.

अशोक